चष्मा दाखवा

मंगळवारी सकाळी सुनंदा गेली. दुपारी तिला अमरधामात नेलं. गुरुजींनी मला पुढे बोलावलं तेव्हा उस्मानभाई आले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

माझा नंबराचा चष्मा होताच. हा त्याच्यावरून. कारखान्यात कामगार घालतात तसला, रुंद, दोन्ही बाजूंनी कानाकडे वळलेला, काळ्या काचेचा. कमरेला पंचा, खांद्यावर पाण्याचं मडकं आणि डोळ्यांवर हे. मी काहीतरी विचारलं असावं, कारण उस्मानभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ठिणगी उडते, सर."

ठिणगी उडायचं काही कारण नव्हतं. दाहिनी गॅसची होती. लोखंडी दार उघडलं, ट्रॉली आत गेली, दार बंद झालं, माणसाने बटण दाबलं. बँकेच्या लॉकररूममध्ये असते तेवढीच आग मला तिथे दिसली.

घरी परतल्यावर दारात कडुनिंबाचं पान चावता चावता सुनंदाचा भाऊ विलास म्हणाला, "भाऊजी, तुम्ही अगदी वेल्डिंगला निघाल्यासारखे दिसत होतात." दोघंतिघं हसली. सुतकाच्या घरात माणसं हसायचं निमित्त शोधत असतात आणि एकदा सापडलं की सोडत नाहीत. दहाव्यापर्यंत हा किस्सा आमच्या सगळ्या गोतावळ्यात पोहोचला होता. तेराव्याला जेवायला आलेल्यांनी सुनंदाची चौकशी थोडी केली आणि चष्म्याची जास्त. "गॅसच्या दाहिनीत ठिणगी कुठली हो?" असं विचारताना प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच सुचलं आहे.

तर त्या उस्मानभाईंविषयी लिहितो आहे. सुनंदाविषयी मला अजून लिहिता येत नाही.

उस्मान मुकादम आमचे शेजारी. जुन्या पनवेलमधली आमची इमारत, तिच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आमच्या दारासमोर. मूळचे श्रीवर्धनकडचे. तरुणपणीच कुवेतला गेले. तिथल्या एका तेलाच्या कारखान्यात आधी हेल्पर होते आणि पुढे त्यांना सेफ्टीचं काम मिळालं. कोणी टोपी घातली नाही, कोणी पट्टा बांधला नाही, कोणी चष्मा कपाळावर चढवून ठेवला आहे, हे बघत दिवसभर हिंडायचं. त्यांची बायको, खदीजा, गावी वारली. तेव्हा ते कुवेतलाच होते. एवढं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, पुढचं आम्ही विचारलं नाही. एक मुलगी आहे, ती लग्न होऊन महाडला. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या समोरची जागा घेतली आणि एकटेच राहायला आले.

आखातातून माणसं सोनं आणतात, अत्तर आणतात, ब्लँकेटं आणतात. उस्मानभाईंनी चष्मे आणले. पांढऱ्या काचेचे, पिवळ्या काचेचे, काळ्या काचेचे, नंबराच्या चष्म्यावरून बसणारे, लहान मुलांचे. भाजीवाल्यांकडे असतो तसला एक प्लॅस्टिकचा क्रेट होता, त्यात प्रत्येक चष्मा एकेका पायमोज्यात घालून ठेवलेला. मोजे धुतलेले असत, पण बघणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नसे.

माणसाचं सगळं शरीर देवाने हाडाच्या पेटीत ठेवलं, फक्त डोळे दुकानाच्या फळीवर मांडल्यासारखे बाहेर ठेवले, असं त्यांचं म्हणणं. ही चूक दुरुस्त करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. नारळ फोडायचा तर चष्मा. मोहरीची फोडणी द्यायची तर चष्मा. भिंतीत खिळा ठोकणाऱ्या माणसाकडे ते दारातून पाहायचे आणि म्हणायचे, "चष्मा दाखवा." रेल्वेतला तिकीट तपासनीस ज्या सुरात बोलतो त्या सुरात. त्या माणसाकडे अर्थातच चष्मा नसे. मग मोजा उघडायचा.

आमच्या इमारतीच्या गणपतीचे फोटो कोणी बघितले तर त्यांत एक गोष्ट दरवर्षी दिसेल. मूर्ती बदलते, मखर बदलतं, नारळ फोडणारा माणूसही बदलतो, पण त्या माणसाच्या सोवळ्यावर कारखान्याचा चष्मा असतोच. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली. "उस्मानभाई, देवासमोर तरी नको." त्यावर ते म्हणाले होते, "देवासमोरच नारळ जास्त जोरात फोडतात."

सुनंदाने मात्र कुरकुर केली नाही. त्यांनी दिलेला पांढऱ्या काचेचा चष्मा तिने स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला आणि फोडणी द्यायच्या आधी न चुकता घातला. मी हसलो की म्हणायची, "त्यांचं समाधान होतं, माझं काय जातं?" पुढेपुढे मला वाटतं तिलाही तो आवडायला लागला होता. कांदा चिरतानाही घालायची. बाकी सगळ्या इमारतीत उस्मानभाईंना आपण होऊन चष्मा दाखवणारी ती एकटी. त्यांचं दार उघडं दिसलं की ती चष्मा घालून, हातात झारा घेऊन दारात उभी राहायची. "बघा हो उस्मानभाई, आहे ना?" ते मान डोलवायचे. "पास, वहिनी."

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी घरात बसून राहिलो. मी शाळेत मराठी शिकवत असे. घरात पुस्तकं भरपूर, वाचणारा मी एक. पण त्या दिवसांत पान उघडं असे आणि पुढे जात नसे. एका रविवारी सकाळी उस्मानभाईंनी बेल वाजवली.

"सर, चला. गिरणीत."

"मी काय करू तिथे? मला बंदूक धरता येत नाही."

"मलाही येत नाही. बसा नुसते. पुस्तक घ्या बरोबर."

गिरणी म्हणजे शिरढोणच्या रस्त्याला नीलेश म्हात्रेच्या वडिलांची भाताची गिरणी. भोवतालची शेतं गेली, भात गेला, गिरणी बंद पडली. वडिलांनंतर नीलेशने यंत्रं भंगारात काढली आणि त्या लांबलचक शेडमध्ये नेमबाजी सुरू केली. हौशी लोकांची. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका, समोर कागदी चकत्या, चकत्यांमागे लोखंडी पत्रे. बंदुकीतून शिशाचा छरा सुटतो, तुरीच्या डाळीएवढा. कामोठ्याच्या, खारघरच्या मोठ्या इमारतींमधून तरुण माणसं सुट्टीच्या दिवशी येतात, थोडे छरे मारतात, भरपूर फोटो काढतात आणि जातात.

उस्मानभाई तिथे बिनपगारी होते. दाराशी टेबल टाकून बसायचे. टेबलाखाली चष्म्यांचा क्रेट, टेबलावर एक चांदीच्या रंगाचा, दोन कान असलेला कप. तो बघून नवीन माणूस हटकून विचारायचा, "काका, नेमबाजीत जिंकलात का?"

"नाही. चष्म्यात."

माणसं हसायची. मीही हसलो होतो. कपात ते टाल्कम पावडर ठेवायचे.

त्या पावडरीविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्या पावडरीने झालं. उस्मानभाईंचा तोंडी बोलण्यावर विश्वास नव्हता. कोणी आपला चष्मा घेऊन आला की ते त्याला तो घालायला लावत, डोळे मिटून श्वास रोखायला सांगत, आणि कॅमेऱ्याचं भिंग साफ करायचा रबरी फुगा पावडरीने भरून त्याच्या कानाच्या बाजूने फुस्स करून दाबत. मग चष्मा काढून पापण्या तपासत. पापणीवर पावडर दिसली की निकाल लागला. "पावडर आत गेली म्हणजे छराही जाईल." गिरणीतून बाहेर पडणारी निम्मी माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची. नीलेश म्हणायचा, "काका, आमची गिरनी बंद पडली तवा येवढं पीठ उडत नव्हतं."

पहिल्याच रविवारी कामोठ्याचं एक जोडपं आलं. नवऱ्याने डोक्यावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला.

"चष्मा दाखवा," उस्मानभाई म्हणाले.

"हा काय, ब्रँडेड आहे काका."

"कशापासून वाचवतो?"

"उन्हापासून."

"गिरणीत ऊन नाही, साहेब. गिरणीत छरा आहे." फुस्स. नवऱ्याच्या पापण्या पांढऱ्या. बायको खो-खो हसली.

"तुमचा, ताई?"

"मला नंबर आहे. माझा चष्मा आहेच की डोळ्यांवर."

"हा वाचायचा. हा फुटला तर त्याचीच काच आत जाणार. घरातल्या माणसाने घात करावा तसं." त्यांनी क्रेटमधून एक मोजा काढला. "हा त्याच्यावरून घाला. याची काच फुटत नाही, वाकते. आता मान अशी करा."

त्यांनी तिला बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवल्यासारखी मान तिरकी करायला लावली. "कुठून बघताय? मधून?"

ती जरा थांबली. "नाही. वरच्या कोपऱ्यातून."

"बरोबर. नेम धरताना माणूस काचेच्या मधून बघत नाही. म्हणून फ्रेम वर बसायला पाहिजे. खाली घसरली की डोळा उघड्यावर." त्यांनी नाकावरची रबरं दाबून चष्मा वर चढवला, दांड्या आवळल्या. "हलवा मान. पडतो? नाही ना. जा आता, मारा."

तिसरा एक पोरगेला इसम हमरस्त्यावर सिग्नलला विकतात तसला पिवळा चष्मा घालून आला होता. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास होऊ नये म्हणून घेतात तो. रंग पिवळा आहे म्हणजे नेमबाजीचाच, असं त्याला ठामपणे वाटत होतं. उस्मानभाईंनी त्या काचेवर नुसतं नखाने टकटक केलं आणि त्याला तो परत दिला. मग रंगांचा पाठ झाला. आत शेडमध्ये पांढरी काच. पावसाळी अंधारून आलं तर पिवळी. काळी फक्त उघड्यावर, कडक उन्हात. "छपराखाली काळी काच घालून नेम धरणारा माणूस सिनेमात असतो," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "चष्मा दाखवा, सर."

"मी तर बाकावर बसून वाचणार आहे."

"म्हणूनच. बंदूकवाल्याला कळतं बंदूक कधी सुटणार. बघणाऱ्याला कळत नाही. वाचणाऱ्याला तर काहीच कळत नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी दोन चष्मे घालून गिरणीत वाचत बसलो. लोखंडी पत्र्यावर छरे आपटायचे, टण्ण टण्ण. खरं सांगायचं तर घरातल्यापेक्षा तिथे पान पुढे जाई. उस्मानभाई माझ्याशी बोलत नसत. मधूनच येऊन माझा चष्मा नाकावर नीट बसवत आणि परत टेबलाशी जात. सांत्वनाला आलेली इतकी माणसं माझ्याशी इतकं बोलून गेली, त्यांतलं मला एक वाक्य आठवत नाही. नाकावरची ती दोन बोटं आठवतात.

गिरणी ही त्यांच्या मालकीची नव्हती, तिथे त्यांना पगार नव्हता, हुद्दा नव्हता. तरी रविवार सोडून आठवड्यात त्यांना दुसरं काहीच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी गॅलरीत दोरीवर मोजे वाळत दिसले की समजावं, माणूस उद्याची तयारी करतो आहे. एकदा ते मला म्हणाले होते, "सर, कुवेतमध्ये मी आलो की लोक चष्मा नीट करायचे. इथे मी गेलो की लोक हसतात. गिरणीत तरी हसून झाल्यावर घालतात." म्हणून नीलेश जेव्हा पार्ट्यांविषयी बोलायला लागला तेव्हा मला काळजी वाटली.

"काका, नुसत्या नेमावर भागत नाय," नीलेश म्हणाला. "आता वाढदिवस घेनार. केक, फुगे, म्युझिक. फुगे फोडायचे बंदुकीनं. तुमी जरा सांभाळून घ्या. परत्येकाच्या तोंडाला पावडर नका लावू."

"चष्मा असला की नाही लावणार."

"पाहुने लोक असतात काका. मोठी मानसं."

"मोठ्यांचे डोळे वेगळे असतात का?"

"तुमाला कलतंय मी काय बोलतोय ते." नीलेश वाईट नाही. त्याला कर्ज आहे, दोन लहान मुली आहेत, आणि वडिलांची गिरणी विकायची नाही. हे सगळं मला समजतं. समजून त्याच्यावरचा राग कमी होत नाही.

पहिली पार्टी बाळाशेठची. बाळाशेठ हे आमच्याकडचे भावी नगरसेवक. कित्येक वर्षं ते भावीच आहेत. पण चौकाचौकांत त्यांचा फलक असतो आणि फलकावर ते काळा गॉगल घालून क्षितिजाकडे पाहत असतात. त्या दिवशीही तोच गॉगल होता. मागे कार्यकर्त्यांचा घोळका, दोघांच्या हातांत फोन, चित्रण चालू. नीलेशने बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून पुढे केली, देवाला हार द्यावा तशी.

टेबलामागून आवाज आला, "चष्मा दाखवा."

घोळका थांबला. बाळाशेठनी गॉगलला बोट लावलं. "हा काय चाचा."

"हा उन्हाचा. आत चालत नाही. एक मिनिट डोळे मिटा, श्वास रोखा."

नीलेश म्हणाला, "काका, ऱ्हाऊ द्या." पण बाळाशेठ हे कार्यकर्त्यांसमोर मागे हटणारे नव्हते, त्यांना वाटलं असेल, हा काही मानाचा प्रकार आहे, अत्तर वगैरे. त्यांनी खरंच डोळे मिटले आणि छाती फुगवून उभे राहिले.

फुस्स.

मी बाकावरून पाहिलं. एक गाल पांढरा, भुवई पांढरी, आणि पेस्टल रंगाच्या जाकिटाची एक बाजू पांढरी. मिशी तर रामलीलेतल्या म्हाताऱ्यासारखी. उस्मानभाईंनी शांतपणे त्यांचा गॉगल काढला, पापणी पाहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आत गेली. नापास. मी दुसरा देतो, मेहरबानी करून मान अशी करा."

कार्यकर्ते आधी हसले आणि मग हसायला नको होतं हे त्यांच्या लक्षात आलं. या दोन्हींच्या मधल्या क्षणात चित्रण झालं होतं. संध्याकाळपर्यंत ते पनवेलभर फिरलं. कोणीतरी त्याखाली लिहिलं होतं, पक्षाने शेवटी चेहरा बदलला.

बाळाशेठनी फुगे फोडले नाहीत. केकही तिथे कापला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा टेबल बाजूला सरकवलेलं होतं. नीलेश दाराशीच उभा होता. त्याने उस्मानभाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. माणसाला काढायचं असलं की आपल्याकडे आधी पाणी देतात.

"काका, मला येक सांगा. येवढ्या दिवसांत हितं कोनाच्या डोल्याला काय झालंय?"

"नाही."

"कोनालाच नाय ना?"

"नाही. म्हणून तर."

"म्हनून तर काय?"

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. भाषेचा माणूस म्हणून मी काही मदत करेन असं त्यांना वाटलं असावं. मी उभा राहिलो आणि म्हणालो की नीलेश, जे घडलं नाही त्याचा पुरावा कोणालाच देता येत नाही, पण ते आपोआप घडलं नाही असं समजणं बरोबर नाही. वाक्य बरोबर होतं. नीलेशने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, तुमी शिकवलंय मला. तुमच्यापुढं मी बोलनार नाय," तो म्हणाला. "पन आता चष्मा ज्याला पायजे त्यानं घालावा, असं ठरवलंय. बोर्ड पन केलाय. काकांनी यावं, बसावं, चा प्यावा. कोनाला अडवू नये."

"मग मी येऊन काय करू?" उस्मानभाईंनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांना माहीत करून घ्यायचं होतं.

आत बंदूक सुटली. उस्मानभाईंनी सवयीने बंदूक धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उघडे डोळे. ते उठले, कपातली पावडर न सांडता कप क्रेटमध्ये ठेवला आणि क्रेट उचलला. एका बाजूने मी धरला.

गिरणीसमोर, रस्त्यापलीकडे, चहाची टपरी आहे. क्रेट जड होता म्हणून आम्ही तिथे टेकलो. ढग भरून आले होते. चहा आला. समोरून टण्ण टण्ण ऐकू येत होतं आणि प्रत्येक आवाजाला उस्मानभाईंची पापणी हलत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी इतके दिवस मनात ठेवलेली गोष्ट काढली.

"उस्मानभाई, एक विचारू? त्या दिवशी दाहिनी गॅसची होती."

"हो."

"तिथे ठिणगी उडत नाही."

"नाही उडत. मला ठाऊक होतं. तळमजल्यावरचे जोशीकाका गेले तेव्हा मी आलो होतो तिथे."

"आणि उडत असती तरी तुमच्या नियमाने पांढरी काच हवी होती. छपराखाली काळी चालत नाही. तुम्ही काळी घातलीत."

त्यांनी चहाचा ग्लास फळीवर ठेवला. बराच वेळ तो नीट ठेवत राहिले.

"खदीजा गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो," ते म्हणाले. "साइटवर फोन आला. आमच्यात थांबवत नाहीत सर, त्याच दिवशी दफन. मी निघालो असतो तरी काय मिळणार होतं? माती. मी फोन ठेवला आणि परत कामावर गेलो. चारी बाजूंनी माणसं. कोणी मिसरचा, कोणी फिलिपिन्सचा, कोणी केरळचा. कोणाला काय सांगणार, कोणत्या जबानीत सांगणार? उन्हात काम होतं, काळा चष्मा होता. तो मी काढला नाही. जेवतानाही नाही, नमाजलाही नाही. कितीतरी दिवस नाही काढला. आतून भिजायचा, बाहेरून कोणाला दिसायचं नाही. उन्हात घाम सगळ्यांनाच येतो."

समोर गिरणीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"महिना संपला. सगळ्यांना मैदानात उभं केलं आणि साहेबाने माझं नाव घेतलं. म्हणाला, हा माणूस बघा, याने अख्ख्या महिन्यात एकदाही चष्मा काढला नाही. सगळ्यांनी असं काम केलं पाहिजे. टाळ्या. मला कप दिला. सेफ्टीचं काम मला त्या कपावर मिळालं, सर. पुढची सगळी नोकरी त्या कपावर झाली." ते हसले. "मी खोटा नाही ना झालो? नंतर खरंच सगळ्यांचे डोळे सांभाळले."

मी क्रेटमधल्या कपाकडे पाहिलं.

"तुमच्या भोवती त्या दिवशी तुमचे विद्यार्थी होते, वहिनींचे भाऊ होते, शाळेचे लोक. सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते, सर रडतात का नाही. तुम्ही नुसते उभे. मला वाटलं, काळी काच असली तर जमेल तुम्हाला." मग थोड्या वेळाने, "जमलं का?"

"नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं जमलं. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्यांनी क्रेटमध्ये हात घातला, मोजे चाचपले, एक काढला. तोच चष्मा होता. त्यांनी तो माझ्या नंबराच्या चष्म्यावरून चढवला, नाकावर दोन बोटांनी वर सरकवला, दांड्या कानामागे बसवल्या.

"ऊन फार आहे, सर," ते म्हणाले.

ऊन अजिबात नव्हतं. पाऊस कोणत्याही क्षणी आला असता. ते टपरीवाल्याशी चहाच्या पातीविषयी बोलायला लागले, माझ्याकडे पाठ करून, आणि बराच वेळ बोलत राहिले. टपरीवाल्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला तेव्हा ते जरा सरकून मध्ये आले.

गिरणी चालू आहे. पार्ट्या जोरात आहेत. कोणाच्या डोळ्याला अजून काही झालेलं नाही, आणि ते कधीच होऊ नये असं उस्मानभाईंना मनापासून वाटतं. ते खरे ठरायचे तर कोणाचा तरी डोळा जावा लागेल, आणि हे त्यांना नको आहे. विलास परवा आला होता. त्याने पुन्हा वेल्डिंगचा विनोद केला. मी त्याला काही सांगितलं नाही.

रविवारी आम्ही दोघं टपरीवर बसतो. क्रेट बाकाखाली असतो, कपात पावडर असते. कधी कामोठ्याची ती ताई गिरणीत जाण्याआधी रस्ता ओलांडून येते. "काका, बघा, आहे ना?" म्हणते. ते तिची मान तिरकी करून बघतात आणि म्हणतात, "पास." बाकी कोणी येत नाही. सुनंदाचा चष्मा स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. काळा माझ्याकडे आहे.